तक्त्यात विषय आहेत, बाण नाहीत

पत्र थोडक्यात असं: इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष नुकतंच संपलेल्या एका विद्यार्थिनीने आठही सेमिस्टरच्या विषयांचा तक्ता करून पाठवला आहे. तिच्याकडे बरेच विषय सक्तीचे आहेत, पण ते कधी घ्यायचे हे विद्यार्थ्याने ठरवायचं असतं. गणिताचा कंटाळा आला म्हणून डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनियर अल्जिब्रा तिने पाचव्या सेमिस्टरला ढकललेत, सिग्नल्स अँड सिस्टिम्स सहाव्याला आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स थेट आठव्याला. मोकळ्या झालेल्या जागी तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरमध्येच मशीन लर्निंग, रोबोटिक्स, एम्बेडेड सिस्टिम्स आणि रिन्यूएबल एनर्जी असे चार ऐच्छिक विषय बसवलेत, म्हणजे इंटर्नशिपच्या अर्जात काहीतरी दाखवता येईल. त्यामुळे तिसऱ्या सेमिस्टरला सात विषय होतात. घरचे म्हणतात पॉवरकडे जा, मैत्रिणी म्हणतात सॉफ्टवेअरकडे. "आत्ता चुकीचा रस्ता धरला तर चार वर्षं फुकट जातील का?" असं ती विचारते. आणि अगदी शेवटी एक ओळ: "खरं सांगायचं तर इलेक्ट्रोमॅग्नेटिक्समध्ये मी नापास होईन अशी धास्ती वाटते."

प्रिय मैत्रिणी,

तुझा तक्ता मी दोनदा नीट पाहिला. पहिलं वर्ष संपल्या संपल्या पुढची सगळी सेमिस्टर कागदावर मांडून बघावीशी वाटली, याचं मला फार कौतुक वाटतं. बहुतेक मुलं नोंदणीच्या आदल्या रात्री, जिथे जागा उरली असेल तो विषय घेतात आणि मग सहा महिने त्याच्याशी झगडत बसतात. तू निदान आधी विचार केलास.

पण तुझ्या तक्त्यात चौकटी आहेत, चौकटींत विषयांची नावं आहेत, आणि एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीकडे जाणारा एकही बाण नाही. जणू कोणताही विषय कुठेही बसवला तरी चालेल, शेवटी सगळ्या चौकटी भरल्या म्हणजे झालं. इथे मला तुला थांबवावंसं वाटतं. या पदवीत कोणते विषय घेतले यापेक्षा ते कोणत्या क्रमाने आणि कशाच्या जोडीला घेतले, यावर बरंच जास्त अवलंबून असतं.

एक अगदी छोटी गोष्ट घेऊ. १ किलोओहमचा रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर एकामागे एक जोडायचे. फंक्शन जनरेटरमधून १०० हर्ट्झची स्क्वेअर वेव्ह द्यायची आणि कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर बघायचं. वेव्ह टुणकन वर जाते, कॅपॅसिटर मात्र तसा जात नाही. तो आधी झपाट्याने आणि मग रेंगाळत चढतो. १ मिलिसेकंदात ६३ टक्के, ५ मिलिसेकंदांत ९९ टक्क्यांच्या थोडा वर, आणि तेवढ्यात वेव्ह खाली कोसळते. आता वारंवारता १००० हर्ट्झ कर. बिचाऱ्याला चढायला वेळच मिळत नाही. पडद्यावर एक बुटकी, जवळजवळ त्रिकोणी वेव्ह उरते.

हे दोन घटकांचं सर्किट तुला चार वर्षांत किती वेळा भेटणार आहे बघ. सर्किट्सच्या तासाला त्याचं नाव टाइम कॉन्स्टंट. गणितात तेच फर्स्ट ऑर्डर डिफरन्शियल इक्वेशन. सिग्नल्समध्ये ते १५९ हर्ट्झ कट-ऑफचा लो-पास फिल्टर. कंट्रोलमध्ये उणे १००० वर पोल असलेली सिस्टिम. चिपच्या आत, तारेचा रेझिस्टन्स आणि पुढच्या गेटचा कॅपॅसिटन्स मिळून होणारा उशीर. पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये स्विचला सांभाळणारा स्नबर. समीकरण आधी सोडवलेलं असेल तर पुढे प्रत्येक ठिकाणी ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. सोडवलेलं नसेल तर दर वेळी नवं सूत्र पाठ करावं लागतं, आणि पाठ केलेलं पुढच्या सेमिस्टरपर्यंत टिकत नाही. तुझ्या तक्त्यात सर्किट्स तिसऱ्याला आहे आणि डिफरन्शियल इक्वेशन्स पाचव्याला. नियमात ते बसतही असेल, डोक्यात बसणार नाही.

म्हणून तक्ता पुन्हा काढायला घेशील तेव्हा चौकटी भरण्याआधी बाण काढ. प्रत्येक विषयाच्या पुढे लिही, याला आधी काय यावं लागतं. आणि मग सगळ्यात लांब साखळी शोध. जवळपास कुठल्याही अभ्यासक्रमात ती अशी निघते: कॅल्क्युलसचे पहिले दोन भाग, मग डिफरन्शियल इक्वेशन्स आणि त्याच्या जोडीने सर्किट्स, मग सिग्नल्स अँड सिस्टिम्स, मग कंट्रोल किंवा कम्युनिकेशन, आणि मग त्यातला एखादा पुढचा विषय, डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगसारखा. मोजलंस तर एकापाठोपाठ एक सहा सेमिस्टर झाली. आठातली सहा. म्हणजे हातात मोकळी फक्त दोन, आणि तू गणित पाचव्याला नेऊन ती दोन्ही तिथेच खर्च करून टाकलीस.

यात आणखी एक पेच आहे आणि तो बहुतेकांना उशिरा कळतो. कितीतरी विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात. तुझ्याकडे सिग्नल्स फक्त सम सेमिस्टरला आणि कंट्रोल फक्त विषम सेमिस्टरला असेल, असं धर. सिग्नल्स चौथ्याला घेतलंस आणि राहिलं, तर सहाव्याला पुन्हा देता येतं, कंट्रोल सातव्याला होतं आणि पदवी वेळेत मिळते. तेच सहाव्याला घेतलंस आणि राहिलं, तर पुन्हा आठव्याला, आणि कंट्रोल नवव्याला. विषय तेच, मेहनत तेवढीच, पण एका अपयशापायी पदवी आठ सेमिस्टरच्या पुढे जाते. नोंदणीच्या आधी विभागात जाऊन कोणता विषय कधी असतो याची यादी मागून घे. हे काम अर्ध्या तासाचं आहे.

आता गणिताच्या कंटाळ्याबद्दल. तो मला समजतो. पहिल्या वर्षाचं गणित बहुतेक ठिकाणी असं शिकवतात की ते कशासाठी चाललंय याचा पत्ताच लागत नाही. पण एसी सर्किटांतले कॉम्प्लेक्स नंबर कुठून आले हे सांगते. चार्ल्स स्टाइनमेट्झ या इंजिनिअरने १८९३ मध्ये ती रीत मांडली तेव्हा हेतू गणित कमी करण्याचा होता. त्याआधी एसी सर्किटांसाठी बऱ्याचदा डिफरन्शियल इक्वेशन सोडवत बसावं लागे. ही रीत, म्हणजे फेझर, आल्यावर ते साध्या बेरीज-गुणाकार-भागाकारावर आलं. या क्षेत्रातलं बरंचसं गणित असंच कुणीतरी स्वतःचे कष्ट वाचवायला आणलेलं आहे. ते विषयाच्या आधी किंवा सोबत शिकलीस तर तुझेही कष्ट वाचतील. नंतर शिकलीस तर कष्ट आधीच करून झालेले असतील.

लिनियर अल्जिब्राचं तर याहून सरळ आहे. तुला तिसऱ्या सेमिस्टरला मशीन लर्निंग हवंय. त्याचा पाया म्हणजे लिनियर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी, आणि ते दोन्ही तुझ्या तक्त्यात नंतर आहेत. आधी कळस, मग पाया. तयार लायब्ररीची फंक्शनं वापरून मॉडेल चालवता येईल, गुणही मिळतील, पण मॉडेल चुकलं की का चुकलं ते सांगता येणार नाही. हाच विषय पाचव्या-सहाव्याला घेतलास तर त्याच पुस्तकातून दुप्पट मिळेल.

आणि बघ, हेच दोन विषय पॉवरलाही लागतात. मोठ्या जाळ्यात कुठल्या लाइनवरून किती वीज वाहते हे काढायचं म्हणजे शेकडो समीकरणं एकत्र सोडवणं, ते मॅट्रिक्सशिवाय होत नाही. कम्युनिकेशनमध्ये नॉइजचा विचार करायचा तर प्रोबॅबिलिटी लागतेच. म्हणून घरचे एकीकडे आणि मैत्रिणी दुसरीकडे ओढत असल्या तरी, पुढच्या दोन सेमिस्टरपुरतं दोघांचं उत्तर एकच आहे: डिफरन्शियल इक्वेशन्स, लिनियर अल्जिब्रा, प्रोबॅबिलिटी, सर्किट्स, सिग्नल्स, डिजिटल. कोणत्या रस्त्याने जायचं हे तुला आज ठरवायचंच नाहीये. पाचव्या सेमिस्टरच्या नोंदणीला ठरव. तोवर मशिन्सच्या लॅबमध्ये मोटर सुरू करून पाहिलेली असेल, मायक्रोकंट्रोलरवर काहीतरी चालवलेलं असेल, आणि घड्याळाकडे न बघता आपण कशात रमतो हे तुझं तुलाच दिसलेलं असेल.

शिवाय या शाखांमधल्या भिंती वाटतात तेवढ्या जाड नाहीत. हॅरी नायक्विस्ट या इंजिनिअरने १९३२ मध्ये स्थिरतेची कसोटी मांडली ती टेलिफोनच्या कामातल्या फीडबॅक ॲम्प्लिफायरसाठी. आज ती कंट्रोलच्या पेपरात येते. सौर पॅनेलची वीज जाळ्यात घालणारा इन्व्हर्टर उघडून पाहिलास तर त्यात पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आहे, कंट्रोल लूप आहे आणि ते चालवणारा मायक्रोकंट्रोलर आहे. हे तिन्ही ज्याला येतं त्याला 'तू पॉवरचा की सॉफ्टवेअरचा' असं विचारून काही साधणार नाही.

आता ते चार ऐच्छिक विषय. मशीन लर्निंग, रोबोटिक्स, एम्बेडेड, रिन्यूएबल, प्रत्येकाची फक्त तोंडओळख. एक ना धड भाराभर चिंध्या. हे तुझ्या मनाला लागेल तर लागू दे, पण तुझ्या भल्यासाठी सांगते. मुलाखतीत पहिला प्रश्न विषयाच्या नावावर येतो, त्याचं उत्तर या चारपैकी कुठल्याही विषयात देशील. दुसरा प्रश्न पहिल्या उत्तरावर येतो, आणि तिथे एका विषयात खोलवर गेलेली मुलगी पुढे जाते. म्हणून चार वेगवेगळ्या चौकटींऐवजी एक छोटी साखळी धर. उदाहरणार्थ डिजिटल तिसऱ्याला, मायक्रोकंट्रोलर चौथ्याला, एम्बेडेड पाचव्याला, आणि त्यावर उभा राहणारा प्रकल्प. इंटर्नशिपचा अर्ज करताना "मी हे बनवलंय, हे इथे अडलं होतं आणि असं सुटलं" एवढं सांगता आलं तर चार नावांपेक्षा ते वजनदार ठरतं. रोबोटिक्स आवडत असेल तर कंट्रोल झाल्यावर घे, तेव्हा तो विषय खरा उघडेल.

सात विषयांचा हिशोब तू केला नसावास, म्हणून मी करून देते. एका विषयाचे आठवड्याला ३ तास धरले तर वर्गातच २१ तास झाले. वर्गातल्या एका तासाला बाहेर दोन तास हा नेहमीचा अंदाज धरला तर ४२. तीन विषयांना लॅब आहे: लॅबमध्ये प्रत्येकी २ तास आणि रिपोर्ट लिहायला २, म्हणजे १२. एकूण ७५ तास, आणि यात झोप, प्रवास, आजारपण काहीच धरलेलं नाही. पाच विषय आणि दोन लॅब असतील तर हाच आकडा ५३ येतो. तोही कमी नाही, पण माणसाला झेपतो. ७५ तास कुणाचेच होत नाहीत. होतं काय, तर सगळ्यात अवघड विषयाचे बाहेरचे तास आपोआप गळतात, कारण रिपोर्टला तारीख असते आणि समजून घेण्याला तारीख नसते.

विषयांची संख्या मोजतानाच त्यांची जातही बघ. डोकं शिणवणारे सिद्धान्ताचे दोन विषय एका सेमिस्टरला चालतील, तीन नकोत. लॅबच्या रिपोर्टांचा ढीग लावणारे विषयही दोनच. प्रोग्रामिंगचा एखादा असावा, कारण त्याचा थकवा वेगळा असतो आणि एकाने शिणलेलं डोकं दुसऱ्यात चालतं. आणि पाचव्यानंतर कुठेतरी एक चौकट मुद्दाम रिकामी ठेव. राहिलेल्या विषयासाठी ती कामी येईल. काहीच राहिलं नाही, तर निव्वळ आवडतं म्हणून काहीतरी शिक. अमेरिकन इंजिनिअर क्लॉड शॅनन यांनी १९३६ मध्ये इलेक्ट्रिकल आणि गणित अशा दोन पदव्या घेतल्या. विद्यार्थी असतानाच ते जॉर्ज बूल यांचं तर्काचं बीजगणित शिकले होते, ज्याचा इलेक्ट्रिकलशी तेव्हा फारसा संबंध दिसत नव्हता. १९३७ च्या प्रबंधात त्यांनी दाखवलं की रिले (विजेने चालणारे स्विच) आणि स्विचची सर्किटं त्याच बीजगणिताने मांडता येतात. डिजिटलच्या पहिल्याच धड्यात तू आता तेच शिकणार आहेस.

सीनियर मंडळींना तू 'स्कोअरिंग विषय कोणते' असं विचारलंस, हे पत्रात आलंय. त्यांना जरूर विचार, फक्त प्रश्न बदल. "कोणत्या विषयाला गेल्यावर वाटलं की आधीचं अमुक नीट यायला हवं होतं?" या प्रश्नाची उत्तरं ऐक आणि बाण काढ. विषयाच्या नावावर किंवा सिलॅबसवर जाऊ नकोस. मागच्या वर्षीचे असाइनमेंट आणि प्रश्नपत्रिका मागून घे. सिलॅबस सगळ्यांचे एकसारखे भारदस्त असतात.

तुझ्यासारखं पत्र आणखी काहींनी लिहिलंय, त्यांची परिस्थिती थोडी वेगळी आहे. ज्यांच्याकडे सगळंच ठरलेलं असतं, कोणता विषय कधी हे हातात नसतं, त्यांनी सुट्ट्यांचं नियोजन करावं. पुढच्या सेमिस्टरला येणाऱ्या विषयांचे बाण मागे कुठे जातात ते बघायचं आणि तेवढीच प्रकरणं सुट्टीत पुन्हा सोडवायची, सगळं पुस्तक नाही. जे थेट दुसऱ्या वर्षाला येतात त्यांचा हात सर्किट आणि लॅबवर चांगला बसलेला असतो आणि गणित कच्चं असतं. त्यांनी पहिल्या सेमिस्टरला ऐच्छिक काहीही घेऊ नये. नोकरी करून शिकणाऱ्यांनी वर दिलेला तासांचा हिशोब आधी मांडावा आणि मगच विषयांची संख्या ठरवावी. एक सेमिस्टर जास्त लागलं तर लागलं. गणिताचा पेपर राहिलाय आणि पुढचे विषय चालू आहेत, अशांनी तो पेपर 'नंतर काढू' असं म्हणू नये; बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे.

राहिलं इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स. तुझ्या पत्रातली शेवटची ओळ वाचली आणि मी तक्ता तिसऱ्यांदा पाहिला. जे जे शेवटी गेलंय ते कंटाळ्यामुळे गेलेलं नाही, मैत्रिणी. तुला ज्याची ज्याची भीती वाटते ते तू लांब ठेवलं आहेस. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण हे ओळखून पुढचं ठरव.

या विषयाला व्हेक्टर कॅल्क्युलस लागतं आणि ते तू दुसऱ्या सेमिस्टरला केलंस. आठव्यापर्यंत मध्ये अडीच वर्षं जातील. मी स्वतः दोन वर्षं जाऊ दिली होती. पहिल्या आठवड्यात सरांनी कर्ल म्हणजे काय असं विचारलं, तेव्हा मला डिटरमिनंटची मांडणी तेवढी आठवली, तिचा अर्थ काही केल्या आठवेना. त्या सेमिस्टरभर मी एका विषयात दोन विषय शिकत होते. लांब ठेवून तो सोपा झाला नाही.

आणि डिजिटलकडे जाणार म्हणून तो टळेल असंही नाही. सर्किट बोर्डवरच्या तांब्याच्या रेघेतून सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो. आजच्या चिपचे सिग्नल नॅनोसेकंदाच्या आतच शून्याचे एक होतात, म्हणजे रेघ पुरेशी लांब असेल तर सिग्नल तिच्या टोकाला पोचायच्या आत चढूनही झालेला असतो. अशा वेळी ती साधी तार राहत नाही, ट्रान्समिशन लाइन होते, म्हणजे सिग्नल तिच्यातून लाटेसारखा जातो. टोकावरून परावर्तन होतं, आणि कागदावर बरोबर असलेलं सर्किट बोर्डवर वेड्यासारखं वागतं. ते का वागतं याचं उत्तर याच विषयात आहे.

म्हणून तो चौथ्याला घे. सिग्नल्सही तेव्हाच आहे, तर त्या सेमिस्टरला अवघड एवढे दोनच. बाकी मायक्रोकंट्रोलर आणि एक-दोन हलके. फारच जड वाटलं तर पाचव्याला ने, त्यापुढे नको, आणि आधीच्या सुट्टीत ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल यांची प्रत्येकी दहा-बारा गणितं चित्र काढून सोडव. पहिल्या चाचणीत कमी गुण पडले तर त्याच आठवड्यात शिकवणाऱ्यांकडे जा, उत्तरपत्रिका घेऊन. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गेलीस तर त्यांच्याही हातात काही उरत नाही.

आणि समज, झालीस नापास. चौथ्याला राहिलेला विषय सहाव्याला देता येतो, तिथेही अडलं तर आठव्याला; पाचव्याला घेतलास तरी सातव्याची संधी उरते. तू आखलेल्या तक्त्यात मात्र दुसरी संधीच नव्हती.